आधी शस्त्र की आधी औषध? : एका क्रमाचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण मिळाले तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा सयाजीरावकालीन ग्रंथव्यवहारावर बोलेन, अशी चालकांची अपेक्षा असणार. विषय कळवला तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचा संबंध काय? संबंध आहे तो एका प्रत्ययाचा. ज्या गुरुजींच्या नावाने ही माला चालते त्यांनी कित्येक तुकड्यांना 'ऊन' हा प्रत्यय शिकवला. 'जेवून गेला' आणि 'जाऊन जेवला'. कृती त्याच दोन. पण पहिल्या वाक्यात यजमानीण समाधानी आणि दुसऱ्यात नाराज. याला व्याकरणात पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय असे भारदस्त नाव आहे. आता ही दोन वाक्ये पाहा. 'शस्त्रक्रिया करून औषध दिले.' 'औषध देऊन शस्त्रक्रिया केली.' या दोहोंतील फरकावर जगभरचे शल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षे वाद घालीत आहेत, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

मी वैद्य नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. मी सांगतो तो इतिहास आहे, औषधयोजना नव्हे.

प्रथम त्या अवयवाविषयी. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. लांबी सुमारे सहा इंच. ग्रीकांनी त्याला 'पॅन्‌क्रिआस' म्हणजे 'सर्वमांस' म्हटले. आयुर्वेदातील 'क्लोम' म्हणजे हाच अवयव काय, यावर विद्वानांत एकमत नाही. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी मात्र 'स्वादुपिंड' हा एकच शब्द पत्करला, त्यामुळे निदान या बाबतीत तरी आपल्या वडोदऱ्यात दुभाष्याची गरज पडत नाही. सामान्य मराठी घरात हा शब्द फारसा उच्चारला जात नसे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ साली याच रोगाने आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ रोजी निवर्तले; त्या वर्षभरात तो वर्तमानपत्रांतून घरोघर गेला.

या अवयवाची जागा अडचणीची आहे. यकृताकडे आणि आतड्यांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याला खेटून जातात, आणि पित्तनलिका त्याच्या डोक्यातून उतरते. गाठ वाढली तरी बराच काळ कळत नाही. कळते ती बहुधा कावीळ झाल्यावर. शंभर रुग्णांत निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येईल असे पंधरा ते वीसच निघतात. आजचा प्रश्न या पंधरा-वीस जणांचा आहे.

क्रमाचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात शल्यकर्माचे तीन भाग सांगितले: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. काही रोगांत रुग्णाला खाऊ घालून शस्त्र चालवावे. मूढगर्भ, मूळव्याध, मुतखडा अशांत उपाशीपोटी, हेही तो बजावतो. म्हणजे 'आधी काय' याचे उत्तर रोगागणिक वेगळे, हे त्याला मान्य होते. अर्बुदाच्या चिकित्सेत तो म्हणतो की काढताना काही अंश शिल्लक राहिला तर गाठ लवकरच पुन्हा उद्भवते. सुश्रुताला केमोथेरपी ठाऊक होती असा दावा करणारी व्याख्याने मी ऐकली आहेत. त्यांत मला भर घालायची नाही. परंतु 'शेष' राहिला की रोग परततो, हे निरीक्षण पक्के आहे आणि आजचा सगळा वाद त्या शेषाभोवतीच फिरतो.

आता न्यूयॉर्कला जाऊ. १९३५ साली ॲलन व्हिपल आणि त्यांचे सहकारी पार्सन्स व मलिन्स यांनी, पित्तनलिका आतड्यात उघडते त्या मुखाशी झालेल्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्वादुपिंडाचे डोके आणि त्याला चिकटलेले आद्यांत्र काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेला आजही व्हिपल यांचेच नाव आहे. बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली होती. इतिहासात नाव कोणाचे राहते याला फारसा नियम नसतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की काउश आणि व्हिपल या दोघांनीही हे काम एका बैठकीत केले नाही. कावीळ झालेल्या माणसाचे रक्त गोठत नाही. सुरी लावली की रक्तस्राव थांबत नाही. म्हणून आधी पित्ताला दुसरी वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची आणि काही आठवड्यांनी पोट पुन्हा उघडून गाठ काढायची. स्वादुपिंडाच्या शल्यचिकित्सेचा आरंभच असा 'आधी हे, मग ते' या निर्णयाने झाला.

पुढे डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी के जीवनसत्त्व शोधले. पित्त आतड्यात पोहोचले नाही तर ते शरीरात शोषले जात नाही, म्हणून रक्त गोठत नाही, हे कळले. ते जीवनसत्त्व टोचता येऊ लागताच १९४० च्या सुमारास व्हिपल यांनी दोन टप्प्यांचा एक टप्पा केला. एका औषधाने शस्त्रक्रियेचा क्रम बदलला.

गोष्ट येथे संपली नाही. १९८० च्या सुमारास दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याची सोय झाली आणि शस्त्रक्रियेआधी कावीळ उतरवण्याची जुनी रीत नव्या रूपाने परत आली. ती इतकी रूढ झाली की तिचा फायदा मोजावा असे फार थोड्यांना वाटले. अखेर नेदरलँड्समधील वैद्यांनी २०२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि २०१० साली निष्कर्ष दिला: ज्यांची शस्त्रक्रिया थेट केली त्यांतील ३९ टक्क्यांना गंभीर उपद्रव झाले, आधी नळी घालून थांबलेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के. नळीतून जंतू वर चढतात, ती बुजते, ताप येतो. जे सद्हेतूने आधी केले जात होते तेच सरसकट केल्याने अपाय होत होता. एखादी गोष्ट तर्काला पटते म्हणून ती खरी, असे वैद्यकात धरून चालत नाही. आम्हा साहित्यवाल्यांना हे पचायला जरा जड जाते.

शस्त्रक्रिया स्वतःच इतकी जोखमीची होती की तिच्याआधी-नंतर काय द्यायचे हा विचार दीर्घकाळ मागे पडला. १९६०-७० च्या दशकांत अनेक ठिकाणी पाचातला एक रुग्ण शस्त्रक्रियेतून घरी परतत नसे. जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनी तर १९७० साली, गाठ काढण्यापेक्षा पित्ताला वळणवाट करून द्यावी, असा पक्ष मांडला. पुढे सरावाच्या मोठ्या केंद्रांत हे मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियेची जी परंपरा वाढवली, ती याच घटीच्या इतिहासाचा भाग आहे. पण माणूस शस्त्रक्रियेतून वाचला तरी रोग एक-दोन वर्षांत परतत होता, बहुधा यकृतात. सुरीने जे दिसले ते सर्व काढले होते. न दिसणारे आधीच पसरलेले होते.

यावर औषध हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, येल येथे नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धवायूच्या कुळातील द्रव्य रुग्णाला टोचले गेले. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर ॲमिनोप्टेरिन वापरले. ते औषध पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी असे प्रतिपादन केले की स्तनाचा कर्करोग पुष्कळदा आरंभापासूनच सर्व शरीराचा असतो, आणि १९७६ साली इटलीच्या जानी बोनादोना यांनी शस्त्रक्रियेनंतर औषध दिल्याने रोगाचे परतणे कमी होते, हे दाखवले. यातून 'ॲड्जुव्हंट', म्हणजे साहाय्य करणारा उपचार, ही संज्ञा रूढ झाली.

स्वादुपिंडात हे पश्चात्कर्म सिद्ध व्हायला वेळ लागला. अमेरिकेतील पहिल्या चाचणीला १९७४ ते १९८२ या आठ वर्षांत अवघे ४३ रुग्ण मिळाले. १९८५ मध्ये निष्कर्ष आला: शस्त्रक्रियेनंतर औषध आणि किरणोपचार (आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात तो) घेतलेल्यांत मध्यक आयुष्य २० महिने, न घेतलेल्यांत ११. मध्यक म्हणजे ज्या महिन्यापर्यंत निम्मे रुग्ण हयात होते तो महिना. २००४ साली युरोपातील मोठ्या चाचणीने औषधाचा पक्ष उचलला आणि किरणोपचाराबद्दल शंका उभी केली. २००७ मध्ये जर्मनीतील ३६८ रुग्णांच्या चाचणीत जेमसायटाबिन या औषधाने रोग परतण्याचा काळ ६.९ महिन्यांवरून १३.४ महिन्यांपर्यंत लांबवला. २०१८ साली फ्रान्स आणि कॅनडात ४९३ रुग्णांच्या चाचणीत अनेक औषधांचा जहाल मेळ जेमसायटाबिनशी ताडून पाहिला गेला: मध्यक आयुष्य ५४.४ महिने विरुद्ध ३५.०. या रोगात असे आकडे पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

मग औषध आधी देण्याचा आग्रह कशासाठी? कारण साधे आहे. शस्त्रक्रिया मोठी, ती झाल्यावर पुष्कळ रुग्ण औषध सोसण्याच्या स्थितीतच येत नाहीत. काही पाहण्यांत तर निम्म्यांपर्यंत लोकांचे पश्चात्कर्म राहूनच गेले. ह्यूस्टन येथे डग्लस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली उलटा क्रम लावून पाहिला: शरीर धडधाकट आहे तोवर औषध व किरण द्या, मग तपासा, आणि रोग पसरला नसेल तरच शस्त्र उचला. यात एक कठोर चाळणीही आहे. ज्यांचा रोग औषध चालू असतानाच पसरला, त्यांना शस्त्रक्रियेनेही लाभ झाला नसता. निदान एवढी मोठी जखम तरी टळली, असे या पक्षाचे म्हणणे. विरुद्ध पक्ष विचारतो की आज निघणारी गाठ चार महिन्यांनी न निघण्याजोगी झाली तर जबाबदार कोण?

इतर अवयवांत या प्रश्नाची उत्तरे मिळाली होती, आणि ती एकसारखी नव्हती. स्तनाच्या कर्करोगात दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत औषध आधी दिले काय की नंतर, आयुष्य सारखेच भरले. परंतु आधी दिल्याने अधिक जणींचा स्तन वाचला. गुदाशयाच्या कर्करोगात जर्मनीतील २००४ च्या चाचणीने उपचार आधी दिल्यास त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ वर येते, असे दाखवले.

येथे परळची एक कथा सांगतो. ती स्वादुपिंडाची नाही, पण क्रमाचा प्रश्न मराठी माणसाने किती चिकाटीने लावून धरला याची आहे. डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाइज रुग्णालयात असताना १९९१ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत स्तनाची शस्त्रक्रिया झाली यावर २४९ स्त्रियांचे आयुष्य अवलंबून दिसते, असा तो विलक्षण निष्कर्ष होता: दहा वर्षांनी एका गटातील ५४ टक्के हयात, दुसऱ्यातील ८४. इतर ठिकाणी तो सर्वत्र पडताळून आला नाही; टीका झाली. बडवे मुंबईस आले आणि त्यांनी प्रश्न सोडला नाही. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन सुमारे हजार स्त्रियांवर चाचणी केली. एकूण गटात फरक पडला नाही, रोग काखेच्या गाठींपर्यंत गेलेल्यांत लाभ दिसला. नंतर प्रश्न आणखी बारीक केला. कापण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करण्याचे ते साधे स्वस्त औषध, टोचले तर? भारतातील ११ रुग्णालये आणि १,६०० स्त्रिया. निष्कर्ष २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये छापून आले: पाच वर्षांनी हयात ९०.१ टक्के विरुद्ध ८६.४. पहिल्या निबंधापासून बत्तीस वर्षे. 'आधी' हा शब्द महिन्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून मिनिटांवर आला.

स्वादुपिंडाला असे सरळ उत्तर लाभले नाही. नेदरलँड्समध्ये २४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा पहिला निकाल २०२० साली लागला तेव्हा आधी उपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य १६ महिने आणि थेट शस्त्रक्रियेचे १४.३, फरक नगण्य ठरला. दोन वर्षांनी त्याच रुग्णांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात २०.५ टक्के आणि दुसऱ्यात ६.५ होते. जपानमध्ये ३६४ रुग्णांच्या चाचणीने २०१९ सालीच पूर्वोपचाराच्या बाजूने कौल दिला होता: ३६.७ महिने विरुद्ध २६.६. आणि मग नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड येथील १४० रुग्णांची, केवळ स्पष्टपणे काढता येणाऱ्या गाठींची, चाचणी २०२४ साली छापून आली. तिने पारडे उलटे केले: आधी जहाल औषधे घेतलेल्यांत २५.१ महिने, थेट शस्त्रक्रियेत ३८.५.

आमच्या मांजलपुरातील सोसायटीत एका निवृत्त गृहस्थांना मुंबईत 'आधी चार महिने औषध, मग शस्त्रक्रिया' असे सांगण्यात आले, तेव्हा घरात हाहाकार उडाला. गाठ पोटात ठेवून वाट कसली पाहायची? डॉक्टरांनी हात टेकले, हे सांगण्याची ही सभ्य रीत तर नव्हे? त्यांच्या भाच्याने कोठून तरी दोन आकडे आणले: शस्त्रक्रिया करून औषध, ५४ महिने, औषध देऊन शस्त्रक्रिया, १६ महिने. मग आधी औषध देणारे वेडे की खुनी? मी गणितज्ञ नाही, पण वाक्य कोठून सुरू होते हे पाहण्याची सवय आहे. फ्रेंच चाचणीचे घड्याळ शस्त्रक्रियेनंतर सुरू झाले. ज्यांची गाठ निघाली, जे जखमेतून सावरले आणि औषध सोसतील इतके ताठ उभे राहिले, त्यांनाच आत प्रवेश होता. डच चाचणीचे घड्याळ त्याआधी, उपचाराचा आरंभ ठरतानाच सुरू झाले. पोट उघडल्यावर ज्यांची गाठ काढता आली नाही, जे सावरले नाहीत, ज्यांना पुढे औषध मिळालेच नाही, असे सर्व त्या हिशेबात आहेत. शिवाय तेथे रक्तवाहिन्यांना टेकलेल्या सीमारेषेवरच्या गाठीही होत्या. पुरावा हवा तर डच चाचणीतील थेट शस्त्रक्रियेचा गट पाहा. तेथेही क्रम 'शस्त्र करून औषध' हाच होता. मध्यक मात्र १४.३ महिने. क्रम तोच, आकडा पाव. फरक औषधात थोडा, कोणाला मोजले यात फार मोठा.

भाच्याला हे पटायला दोन संध्याकाळी लागल्या. गृहस्थांनी आधी औषध घेतले. त्यांचे पुढे काय झाले ते मी येथे सांगत नाही, कारण एका माणसाच्या अनुभवावरून श्रोते लगेच क्रम ठरवतात आणि मग तो सोसायटीभर फिरतो.

या पूर्वोपचाराला तज्ज्ञांनी 'निओ-ॲड्जुव्हंट' असे नाव दिले आहे. 'निओ' म्हणजे नवा. म्हणजे शब्दाचा अर्थ झाला नवा साहाय्यक; तो आधी यायचा की नंतर, याचा शब्दात पत्ताच नाही. मराठीत काहींनी त्याचे 'नवसहायक' केले आहे. मूळची चूक इमानाने उतरवून घेण्याचा हा आपला जुना रोग आहे. सुश्रुताचे पूर्वकर्म हाताशी असताना 'पूर्वोपचार' म्हणायला काय हरकत आहे? रुग्णाच्या पत्नीला तो शब्द ऐकताच कळेल की यानंतर काही व्हायचे आहे.

पण सर्व रुग्णांना एकच माप लावता येत नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना टेकलेली असेल तर आधी औषध, याला आता बहुतेक ठिकाणी मान्यता आहे. पित्तनलिकेच्या मुखाशी असलेली गाठ, जिच्यावर व्हिपल यांनी आरंभ केला, ती स्वभावाने सौम्य. तिच्यात थेट शस्त्रक्रियेकडे कल असतो. खरा वाद मधल्या, स्पष्टपणे काढता येणाऱ्या स्वादुपिंडाच्या गाठीबद्दल आहे. त्यावर अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये आणखी मोठ्या चाचण्या उभ्या राहिल्या.

क्रम बदलला की घरची व्यवस्थाही बदलते, आणि वडोदऱ्याच्या कुटुंबाने ती आधी समजून घ्यावी. थेट शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या चित्रावरून निर्णय घेता येतो. औषध द्यायचे तर आधी सुईने तुकडा काढून रोग सिद्ध करावा लागतो, कारण जुनाट सूज किंवा क्षयही कधी गाठीचे सोंग घेतो. कावीळ असेल तर नळी बसवावीच लागते. २०१० साली जी अपायकारक ठरली तीच नळी येथे अपरिहार्य होते, कारण थांबायचे आठवडे वाढतात. आता ती सहसा धातूची, लवकर न बुजणारी घालतात. शस्त्रक्रिया आधी असेल तर परळचा मुक्काम एकदाच लांबतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातलगांकडे, आणि औषध पुढे आपल्या गावी घेता येते. औषध आधी असेल तर कागदपत्रे दोन गावच्या डॉक्टरांत फिरतात, आणि मधले महिने रुग्ण घरी, नळीसह असतो. त्या काळात थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसू लागले, तर सकाळची किंवा मुंबईच्या गाडीची वाट पाहायची नसते. त्याच रात्री जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे असते. आमच्या शेजारच्या बाईंनी ही सूचना मराठीत आणि गुजरातीत लिहून टेलिफोनजवळ लावली होती, आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही वाचून दाखवली होती.